हात काखेत, डोळे मिटून

४ फेब्रुवारी

धाकट्या,

वर आशीर्वादाची जागा मोकळी सोडली आहे. तुला हवे असतील तेव्हा घे, माझ्याकडे त्यांचा तुटवडा नाही.

माझं अक्षर ओळखून तू पाकीट बाजूला टाकशील, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. ढब्या अटकेत आहे. आरोप खुनाचा आहे.

आता बस. उभ्यानं वाचू नकोस.

‘पुन्हा या दुकानाचा उंबरा ओलांडू नकोस’ असं तू त्याला म्हणालास, तेव्हापासून तो माझ्या फ्रेमच्या दुकानामागच्या खोलीत राहतो. मी त्याला ठेवून घेतलं म्हणून तू माझंही नाव टाकलंस. असो. त्या भांडणावर धूळ बसू दे, आत्ता पुसायला वेळ नाही.

मंगळवारी एका फर्निचरच्या शोरूमला दुसऱ्या मजल्यावर मोठी काच चढवत होते. वर चौघं, आणि काच भिंतीवर आपटू नये म्हणून ढब्या खाली रस्त्यावर दोर धरून. मुकादम त्याच्या शेजारीच. काचेला चिकटवलेली वरची रबरी पकड आधी सुटली की ढब्याचा दोर, ते कुणाला सांगता येत नाही. काच खाली आली. मुकादम गेला.

सकाळीच दोघांचं वाजलं होतं. ढब्या म्हणत होता, पकडीचं रबर कडक झालंय, बदला. मुकादम म्हणाला, “बापानं ज्याला हाकललं, त्यानं मला काम शिकवू नये.” त्यावर हा म्हणाला, “एक दिवस ही काच तुमच्याच डोक्यात पडेल.” वरच्या चौघांनीही ऐकलं. जीभ अशी सैल सोडायची खोड त्यानं कुणाकडून उचलली, ते मी लिहीत नाही.

समोरच्या औषधांच्या दुकानावर कॅमेरा आहे. त्यात म्हणे सगळं आलंय. काच पडली, माणूस रक्तात लोळला, आणि तुझा मुलगा हाताची घडी घालून बघत उभा राहिला. पोलिसांचं म्हणणं एवढंच आहे, आणि एवढं पुष्कळ आहे.

दुसरं काही मागत नाही. एकदा येऊन त्याला तोंड दाखव.

ताई

१९ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही. बरं. मी लिहीत राहते. पोस्टमनला माझी सवय झाली आहे, तुलाही होईल.

वकील शोधत होते. तू शाळेत जायचास तेव्हा मी अण्णांच्या काचेच्या दुकानात काचांमध्ये घातलेल्या वर्तमानपत्रांवर वाचायला शिकले. त्यामुळे माझं सगळं शिक्षण तुकड्यातुकड्यांत झालं. खुनाची बातमी एका काचेला असायची आणि निकाल भलत्याच काचेबरोबर भलत्याच घरी गेलेला असायचा. आता पहिल्यांदा एक खटला सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायची पाळी आली, तर तो घरचाच निघाला.

पहिल्या वकिलाच्या भिंतीवर मोठमोठ्या लोकांबरोबरचे त्याचेच फोटो. फ्रेमा चांगल्या होत्या, कोपरे मात्र उघडे पडलेले. माझं निम्मं बोलणं ऐकून म्हणाला, “आजी, घरी जाऊन झोपा. पोरगा सुटलाच समजा.”

मी म्हटलं, “तुम्ही कागद तरी कुठं पाहिलेत?”

“कागद काय बघायचे? सांगू, की तो तिथं नव्हताच.”

“अहो, कॅमेऱ्यात आहे तो.”

“मग कॅमेरा तिथं नव्हता असं सांगू!” आणि स्वतःच हसला.

अण्णा म्हणायचे ना, चौकट मोजायच्या आधी जो ‘बसेल’ म्हणतो, त्याच्या हातात काच कापायचा हिरा देऊ नये. मी नमस्कार करून उठले. उथळ पाण्याला खळखळाट फार.

दुसरी एक वकीलबाई. झेरॉक्सच्या दुकानावर एवढीशी खोली, खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरची पेन्सिल घरंगळते. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, “पोलिसांशी तो काय काय बोललाय?”

मी म्हटलं, “काही नाही. गप्पच आहे.”

“उत्तम. गप्प बसायचा त्याला हक्क आहे. मी सोबत असल्याशिवाय आता एक शब्द नको.”

मी विचारलं, “सुटेल ना हो?”

“ते मी सांगणार नाही. जो सांगेल त्याच्याकडे जाऊ नका.” मग पेन्सिल अडवून म्हणाली, “आणि एक. तुम्ही आत्या असाल, पण माझा अशील तो आहे. तो मला जे सांगेल, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.”

मला राग आला. लहानपणी ज्याचं नाक पुसलं त्याच्या गोष्टी मलाच सांगणार नाही! जिना उतरेपर्यंत राग गेला. जी माझ्यासमोर तोंड उघडत नाही, ती दुसऱ्यांसमोर तरी कशाला उघडेल? वकीलपत्रावर ढब्याची सही घ्यायला ती दुसऱ्याच दिवशी गेली.

तिनं मला एवढं शिकवलं: काच पडली हे सगळ्यांना दिसतं, पण खून म्हणायला मनात काय होतं ते सिद्ध व्हावं लागतं. आणि ते सिद्ध सरकारनं करायचं. आपण निर्दोष आहोत हे ढब्यानं सिद्ध करायचं नाही. कायद्यात एवढी माया असेल असं मला वाटलं नव्हतं.

ताई

७ मार्च

धाकट्या,

जामीन फेटाळला. बाहेर आला तर साक्षीदारांना धमकावेल म्हणे. ढब्या! ज्याला दुकानातल्या मांजराला हाकलायचं झालं तरी मला हाक मारावी लागते.

पण आज मी ते चित्रण पाहिलं, आणि ते तुला लिहिल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

आरोपपत्राबरोबर त्याची नक्कल मिळाली. वकीलबाईनं मला बसवून दाखवली. काच पडते. पडताना दिसतच नाही, एकदम जमिनीवर पांढरं होतं. आणि ढब्या उभा राहतो. वकीलबाई म्हणाली, “हे बघा, इथंच अडतंय. माणूस तडफडतोय आणि हा हाताची घडी घालून उभा. न्यायाधीशांना हेच दिसणार.”

मी म्हटलं, “ही घडी नाहीये.”

“मग?”

मी खुर्चीतून उठले आणि तिच्यासमोर उभी राहिले. पाय जागच्या जागी. हनुवटी छातीला. डोळे मिटून. हात काखेत, पंजे आत दाबलेले.

धाकट्या, मला ते आठवावं लागलं नाही. माझ्या अंगानंच केलं.

मग तिला सगळं सांगितलं. टेबलावरून काच घसरली आणि आई धरायला धावली, त्यानंतर तिच्या उजव्या हाताची मूठ कधी वळली नाही. तेव्हापासून अण्णांनी नेम घातला. काच फुटली की धावायचं नाही, धरायचं नाही, बघायचंही नाही. हात काखेत, डोळे मिटून, आणि अण्णा ‘चला’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. हलला की कानाखाली आवाज. अण्णांनी आपल्याला घडवलं आणि तू ढब्याला. तो जेमतेम टेबलाएवढा होता, तेव्हा तू मुद्दाम काचेचे तुकडे त्याच्यामागे टाकायचास. मी ओरडायचे, “पोराला किती घाबरवशील?” तू म्हणायचास, “घाबरू दे. बोटं दहाच्या दहा राहतील.”

राहिलीत. दहाच्या दहा.

माझ्या सासरचा पहिला दिवसही मी तिला सांगितला. बशी फुटली आणि मी तश्शी उभी. सासूबाई म्हणाल्या, “सून आणलीय की पुतळा?” सगळे हसतात, मी हलेना. शेवटी मला पोचवायला आलेला तू दारातून म्हणालास, “ताई, चल.” तेव्हा कुठं माझे हात सुटले.

वकीलबाई हसली नाही. पेन्सिलनं सगळं टिपून घेतलं. मी म्हटलं, “कोर्टात एक पेला आपटू का? सगळ्यांना दिसेल तो काय करतो ते.”

“आत्याबाई, ते नाटक होईल. पुरावा लागतो. हे त्याला शिकवलं कुणी?”

“माझ्या भावानं.”

“मग ते बोलायला हवेत.”

“मी बोलले तर? दोन-चार फोटो असते तर...”

“आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं,” ती म्हणाली, आणि मग आपण कुणाला काय म्हणालो ते कळून तिनं जीभ चावली. महिन्याभरात मी तेव्हा पहिल्यांदा हसले.

पण तिचं बरोबर आहे. मी त्याला सांभाळलं, मी काहीही सांगेन असंच लोक म्हणणार. नव्या ठिकाणच्या कामगारांना आपला नेम ठाऊक नाही. आपला म्हातारा कारागीर देवाघरी गेला. उरलास तू. तू बोलला नाहीस तर ती हाताची घडीच राहील.

ताई

२६ एप्रिल

वकीलबाई तुझ्या दुकानात येऊन गेली. तिला तू पाणी दिलंस, खुर्ची पुसून दिलीस, आणि म्हणालास, “मला मुलगा नाही.”

तिनं मला हे सांगायला नको होतं, पण मी खोदून विचारलं.

तिच्यामागे भिंतीला टेकवून ठेवलेल्या छोट्या काचा होत्या म्हणे, आणि त्यातली एक फार लहान मापाचा हातमोजा अडकवून बाजूला ठेवलेली. कुणाचा आहे असं तिनं विचारलं तर तू म्हणालास, “जुना आहे.”

तो मोजा मी शिवला होता, धाकट्या. ढब्याच्या पाचव्या वाढदिवसाला. मुलगा नाही म्हणतोस आणि त्याचा मोजा सांभाळतोस? खोटं बोलायचं तर नीट तरी बोल.

ताई

१५ जुलै

धाकट्या,

मागच्या पत्रात फार बोलले. शब्द मागे घेत नाही, पण आवाज थोडा खाली आणते.

खटला उभा राहिला. कोर्टाबाहेरच्या बाकावर मी एका बाईशेजारी बसले होते. तिच्या मांडीवर पाण्याची बाटली होती आणि झाकण उघडत नव्हतं. मी फ्रेमांचे स्क्रू फिरवणारी, उघडून दिलं. मग कळलं, ही मुकादमाची बायको.

तिलाही कळलं मी कोण ते. ती उठली नाही. बाटलीकडे बघत म्हणाली, “तुमचा मुलगा तिथंच होता. माझा माणूस त्याला नावानं हाका मारत होता. औषधवाल्यानं ऐकलंय.”

मी काय बोलू? नेम सांगू? आईचा हात सांगू? तिचा माणूस हाका मारत होता, आणि आपला पोरगा आपण शिकवल्याप्रमाणे उभा होता. दोन्ही खरं आहे. एक खरं सांगितलं म्हणून दुसरं खोटं होत नाही.

ती पुढं म्हणाली, “तुमच्यातलं कुणी तिथं असतं तर?”

तिला मी मिशांची म्हण सांगू शकले नाही.

आता एक गोष्ट, जी मी फेब्रुवारीपासून तुझ्यापासून लपवली आहे. ‘मला काही नको, तू ये’ असं मी लिहीत होते, पण तुला बोलवायचं नाही असं ढब्यानंच मला बजावलं होतं. पहिल्याच भेटीत. म्हणाला, “आत्या, बाबांना इथं आणलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.” मला वाटलं राग आहे. बापाचंच रक्त, एकदा अडून बसला की बसला.

परवाच्या भेटीत मी त्याला सांगितलं, की मी चित्रण पाहिलंय, आणि तो कसा उभा होता ते मला कळलंय. तो नखं कुरतडायला लागला. ढब्या आता नावालाच ढब्या उरलाय, गाल आत गेलेत. मी विचारलं, “अरे, काच पडून गेली होती. आवाज थांबला होता. मग का नाही हललास?”

नख तोंडातून काढून म्हणाला, “कुणी ‘चल’ म्हणालंच नाही.”

मग म्हणाला, “हे कोर्टात सांगायचं नाही. बाबांना वाटेल मी त्यांच्यावर ढकलतोय.”

तो राग नव्हता, धाकट्या. तो तुला वाचवत होता. वकीलबाई तुझ्याकडे येऊन गेल्यावर त्यानं तिला हे सांगितलं असणार. पण ती शब्दाची पक्की, मला तिनं कळू दिलं नाही. तिनं खूप समजावल्यावर आता तो तुला बोलवायला तयार झालाय, पण समन्स काढू नका म्हणतो. वकीलबाईचंही तेच मत, ओढून आणलेला साक्षीदार तोंड मिटून बसतो. आपल्या बाजूची साक्ष पुढल्या महिन्याच्या वीस तारखेला आहे. सकाळी.

मी तुझ्यावर ढकलत नाहीये. पण मी थोरली आहे, म्हणून विचारते. तू काय शिकवलंस ते तुझ्याशिवाय कोण सांगणार?

ताई

२१ ऑगस्ट

धाकट्या,

आलास.

शर्टाची वरची गुंडी लावून आलास, आईच्या दिवसाला लावली होतीस तशी. माझ्याकडे पाहिलं नाहीस, चालेल. काल तू काय बोललास ते तुला सांगायची गरज नाही. पण तू आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाठ करून उभा होतास, म्हणून तुला जे दिसलं नाही ते सांगते.

तू नेम सांगितलास, तुकडे मागे टाकायचास तेही सांगितलंस. सरकारी वकील म्हणाला, “म्हणजे पोटच्या पोराला काचेनं घाबरवत होतात?” तू म्हणालास, “हो.” तोवर ढब्या खाली बघत होता.

मग त्यानं विचारलं, “आवाज थांबल्यावर तरी माणूस हलेल की नाही? किती वेळ उभं राहायचं असतं?”

तू म्हणालास, “मी ‘चल’ म्हणेपर्यंत.”

“आणि तुम्ही म्हणालाच नाहीत तर?”

तू काहीतरी पुटपुटलास. न्यायाधीश म्हणाले, मोठ्यानं बोला, लिहून घ्यायचंय.

“मी तिथं नव्हतो,” तू म्हणालास. “मी त्याला घराबाहेर काढलं होतं.”

तेव्हा ढब्यानं मान वर केली. तुझ्या पाठीकडे बघत होता. साक्ष संपली, तू सही केलीस, आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेलास. तो दारापर्यंत तुझ्याकडे बघत राहिला. तू एकदा वळला असतास, तर बरं झालं असतं. एवढंच म्हणते. आलास हेच पुष्कळ, असं मी मनाला दिवसभर सांगतेय. मन ऐकत नाही.

मुकादमाची बायकोही तिथं होती. तुझं बोलणं संपलं तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला. आपल्यासाठी नव्हे. तिच्या माणसाच्या हाका एका ‘चल’साठी फुकट गेल्या, हे तिला तिथं कळलं.

ताई

१२ जानेवारी

धाकट्या,

निकाल लागला. तू आला नाहीस, म्हणून लिहिते.

खुनातून तो सुटला. मारायचा हेतू होता हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, आणि तो उभा कसा राहिला याचा समाधानकारक खुलासा त्याच्या वडिलांच्या साक्षीत आहे, असं न्यायाधीशांनी वाचून दाखवलं. तुझं नाव घेतलं. तुझं नाव मी इतक्या मोठ्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं.

पण रबर खराब आहे हे ठाऊक असून त्यानं दोर धरला आणि काम चालू ठेवलं. मुकादमाचा हुकूम होता हे खरं, पण माणूस गेला. हलगर्जीपणानं मृत्यू, दोन वर्षं. आत काढलेले महिने त्यातून वजा. दगडापेक्षा वीट मऊ, लोक म्हणाले. मऊ असते खरी. डोक्यात बसली की तीही लागतेच. अपिलाचं वकीलबाईनं विचारलं, तर ढब्या म्हणाला, “नको. तेवढं माझंच आहे.”

आता जे लिहायचं होतं ते. न्यायाधीश उठले, माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. पहाऱ्यावरच्या शिपायानं पिंजऱ्याचं दार उघडलं आणि ढब्याला म्हणाला, “चला.” ढब्या हलला नाही. हनुवटी छातीला. हात काखेत. शिपायाला वाटलं अडून बसलाय, त्यानं दंड धरला. मी पुढं धावले, म्हटलं, “बाळा, चल. चल ना रे.” त्यानं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं हसला सुद्धा. पण पाय नाही उचलला. माझ्या ‘चल’नं कधी कोण हललंय? मी तर दुकानात कागद वाचणारी. शेवटी दोघांनी उचलल्यासारखं करून नेलं.

काल भेटायला गेले होते. जेवतो, झोपतो, काम नेमून दिलंय ते करतो. सगळं ठीक, असं तिथला जेलर म्हणाला. पण धाकट्या, मी त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलंय. तो अजून त्या रस्त्यावरच उभा आहे.

भेटीचा दिवस गुरुवार. माझ्या नावाच्या जोडीला मी तुझंही नाव लिहून आले आहे, न विचारता. पहिल्या फाटकावर खिसे रिकामे करायला लावतात, तेव्हा हिरा घरीच ठेव. भेटीच्या खोलीत मध्ये काच आहे. जाड आहे, पण कच्च्या हातानं बसवलेली, खालच्या डाव्या कोपऱ्यात तडा गेलाय. तुझी नजर आधी तिथंच जाईल. जाऊ दे. मग वर बघ. समोर तो असेल.

माफी नको, उपदेश नको, तब्येतीची चौकशीही नको, ती मी करते. एकच शब्द म्हण. काचेला भिऊ नकोस, आवाज पलीकडे जातो. मी बोलून पाहिलंय.

ताई